दक्षिण गॅलरीतल्या भोंग्याची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठेचाळीस, धंदा लिफ्ट दुरुस्ती, मैदानाच्या दक्षिण गॅलरीत 'भोंगा' या नावाने ओळखला जाणारा, आज पुरत्या शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, तर माझ्या मागे माझ्या वस्तूंचे आणि माणसांचे काय व्हावे ते ठरवून स्वहस्ते लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. बेचाळीस वर्षे एकाच संघामागे उभे राहून त्याला एकदाही चषक उचलताना न पाहिलेल्या माणसाचे डोके ठिकाणावर कसे, असे माझी पत्नी विचारते. तो प्रश्न या कागदाच्या कक्षेत येत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तशी गरज पडेल असे वाटले नव्हते.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर, त्यातले सामान आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते, सर्व माझ्या पत्नीचे. त्यावर दुसऱ्या कोणी बोट ठेवू नये. कपाटाचे डावे दार ओढायचे नसते, किंचित उचलून उघडायचे असते, हे मी तिला चौदा वर्षे सांगत आलो. आता लेखी देतो. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करते. गप्प बसवणे हा तिचा धंदा आणि ओरडणे हा माझा छंद, तरी आमचा संसार गोडीने झाला. यात श्रेय तिचे आहे. हे तोंडी सांगायला हवे होते तेव्हा मी मॅच बघत होतो.

कलम २. माझी हत्यारांची पिशवी, हातदिवा आणि कमरेचा पट्टा कामावरच्या जोडीदाराला द्यावा. बावीस वर्षे आम्ही एकाच लोखंडी दोराच्या भरवशावर लोंबकळलो. पिशवीच्या तळाशी बारा नंबरचा पाना सापडेल. तो त्याचाच आहे. सहा वर्षे तो शोधतो आहे आणि सहा वर्षे मी त्याच्याबरोबर शोधतो आहे.

कलम ३. गॅलरीतली माझी जागा, चौदावी रांग, खांबाशेजारची, माझा मित्र डबा याला. तो डबा घेतल्याशिवाय मैदानात पाऊल टाकत नाही, म्हणून डबा. खांबामुळे डावा कोपरा दिसत नाही, पण आमच्या संघाने त्या कोपऱ्यात दिसण्यासारखे काही कधी केलेले नाही. पिवळा-करडा मफलर त्याने घेऊ नये. तो मी गळ्याला गुंडाळूनच जाणार आहे. गळ्याला भोक आहे, चारचौघांत बरे दिसत नाही. आमचा स्वच्छ गोल ऑफसाइड ठरवणाऱ्या त्या टकल्या लाइनमनला मी काहीही ठेवत नाही. क्षमा करावी असे चार लोक सांगतात. चार लोक त्या दिवशी मैदानात नव्हते.

कलम ४. हे कलम कोणाला काही देत नाही. पण मुलीला उद्या कोणी विचारले की तुझा बाप कशाने गेला, तर तिला नीट सांगता यावे म्हणून लिहितो.

घसा बसणे हा आमच्या गॅलरीत आजार समजला जात नाही. हंगाम सुरू असल्याची ती खूण आहे. ज्याचा आवाज सोमवारी धड असतो त्याच्याकडे लोक संशयाने पाहतात. गेल्या हंगामात माझा घसा तिसऱ्या सामन्याला बसला आणि उठलाच नाही. पत्नी म्हणाली, "एकदा दाखव डॉक्टरांना." मी म्हणालो, "हंगाम संपू दे, आपोआप सुटेल." तिला तेव्हा दिवस गेले होते. लग्नाला चौदा वर्षे झाल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर. त्या आनंदात मी आणखी ओरडलो. हंगाम संपला. घसा सुटला नाही. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आत पाहिले आणि म्हणाल्या, "चार महिने आधी आला असता तर..." त्यांनी वाक्य पूर्ण केले नाही. मी मात्र रोज करतो.

स्वरयंत्र काढायचे ठरले. जमले तर थोडे ठेवून अर्धा आवाज वाचवायचा प्रयत्न करू, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आदल्या संध्याकाळी पत्नीने माझ्यापुढे फोन धरला. "बाळासाठी काहीतरी बोल. काहीही. पाच मिनिटं."

मी म्हणालो, "शिट्टी वाजायच्या आधीच हरलो म्हणून लिहून देऊ? अपशकुन नको. ठेव तो फोन."

आम्ही मंडळी सामना संपायच्या आधी निरोपाचे बोलत नाही. तीन गोलांनी मागे असलो तरी जागा सोडत नाही. ही आमची निष्ठा. सकाळी अर्धाही आवाज वाचला नाही.

नंतर पत्नीने माझ्या फोनमधल्या सगळ्या चित्रफिती तपासल्या. त्रेसष्ट निघाल्या. सगळीकडे मैदान, आणि कॅमेऱ्यामागून मी, "अरे आंधळ्या, झेंडा खाली घे!" घरी मी फोनवर "हं" आणि "निघालो" यापलीकडे बोलल्याचा पुरावा मिळाला नाही. रुग्णालयाने गळ्याला लावून बोलायचे यंत्र दिले आहे. आयुष्यभर लिफ्टमधल्या यंत्राला माणसासारखे बोलायला लावले, आता मी लिफ्टसारखा बोलतो. मुलगी ते ऐकून किंचाळते. ते यंत्र साभार परत करावे.

कलम ५. माझी मुलगी, घरचे नाव टिल्ली, वय आज पाच महिने चार दिवस. शस्त्रक्रियेनंतर सतराव्या दिवशी जन्मली. तिने माझा आवाज कधीच ऐकला नाही. मी पाळण्याच्या कठड्यावर बोटाने दोनदा टकटक करतो, ती मान वळवते. तिच्या लेखी बाप म्हणजे एवढेच. आता रोग छातीत उतरला आहे. तिला ही टकटकही आठवणार नाही, इतक्या लवकर मी निघालो आहे. मला याचे दुःख होते. मरण्याचे होते त्याहून जास्त होते. दुसऱ्या शब्दांत लिहिता येत नाही.

तिला बळेच पिवळा-करडा सदरा घालू नये. खेळ आवडला नाही तर नाही. तिने पलीकडच्या संघाची बाजू घेतली तर डब्याने रडू नये. एकच अट: घसा बसला तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर.

कलम ६. सुट्टीतले सिनेमे. वर्षअखेरच्या सुट्टीत आमच्या घरी दरवर्षी तेच तीन सिनेमे लागत: मालकाला शोधत शहरभर फिरणाऱ्या कुत्र्याचा, दोन म्हाताऱ्या बहिणींच्या भांडणाचा, आणि बर्फामुळे बंद पडलेल्या स्टेशनात सुट्टीच्या आदल्या रात्री अडकलेल्या प्रवाशांचा. तिन्ही परक्या भाषेतले. घरात कोणाला अक्षर कळत नव्हते. म्हणून आमचे बाबा टीव्हीशेजारी स्टुलावर बसत, आवाज बंद करत आणि सगळ्यांची बोलणी स्वतःच मराठीत बोलत. कुत्र्याचीसुद्धा. स्टेशनच्या सिनेमात एक बाई रडत स्टेशनमास्तरकडे येते. तो खिडकीतून पाहत गंभीरपणे काहीतरी सांगतो. बाबांचा स्टेशनमास्तर म्हणे, "गाडी येईल हो ताई, आधी स्वेटर घाला बघू." आई दरवर्षी तिथे डोळे पुसायची.

मोठेपणी मी तो सिनेमा खाली अर्थ लिहून आलेला पाहिला. स्टेशनमास्तर म्हणतो, "मार्ग बंद आहे." मी टीव्ही बंद केला.

तिन्ही सिनेमे मी मुलीच्या नावे करतो. ते तिला आवाज बंद करूनच दाखवावेत. बोलणार कोण, ते पुढे लिहितो.

कलम ७. माझा थोरला भाऊ. दादाची पाच तासांच्या अंतरावर बेकरी आहे. तेवीस वर्षे आम्ही बोललेलो नाही. कारण नातेवाइकांत अनेक परींनी सांगितले जाते, म्हणून खरे काय ते इथे लिहून देतो.

एका सुट्टीत दादाने टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर ठेवून बाबांचे स्टेशनच्या सिनेमातले सगळे बोलणे कॅसेटवर घेतले. वर स्वतःच्या अक्षरात लिहिले : 'बाबा, स्टेशन'. त्यावर पुन्हा कोणी काही भरू नये म्हणून कॅसेटच्या कडेची बारीक पट्टी मोडून टाकली. पुढच्या वर्षी आमचा संघ जन्मात पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचला. रेडिओवर धावते वर्णन होते आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. मी तीच घेतली. मोडलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि बटण दाबले. बाबा समोरच खुर्चीत बसले होते. "आटप रे, सुरू झालं बघ," असे तेच म्हणाले. मला वाटले, बाबा आहेत की, येत्या सुट्टीत पुन्हा भरू. घरात आवाजाला काय तोटा!

सुट्टीच्या अकरा दिवस आधी बाबा गेले.

आईला सुट्टीत कॅसेट ऐकायची होती. दादाने लावली. त्यातून मैदानाचा कल्लोळ आला. दादाने बंद करायला हात पुढे केला, तर आई म्हणाली, "राहू दे." तिने दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या, मध्ये कुठे तरी ते येतील म्हणून. संपल्यावर मला विचारले, "जिंकले का रे?"

"नाही, आई."

दादा मला बाहेर जिन्यात घेऊन गेला. मी म्हणालो, "चुकून झालं." त्याने कॅसेट माझ्या नाकासमोर धरली. त्यावर माझी चिकटपट्टी होती. "ही पण चुकून लागली?" मी पुन्हा म्हणालो, "चुकून." तो म्हणाला, "तुला बापापेक्षा तो चेंडू मोठा." मी त्याला ढकलले. त्यानंतर आम्ही एकदाच भेटलो, आई गेली तेव्हा, आणि तेव्हाही तो एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला.

दादा, चुकून झाले नव्हते. तुझे अक्षर मी वाचले होते. तेवीस वर्षे मी खोटे बोललो आणि वर रागही मीच धरला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आता मुलीला द्यायला माझ्याकडे आवाज नाही, तेव्हा मी काय पुसले ते मला कळले. माफ कर, असे फोनवर म्हणालो असतो. तेही आता जमत नाही.

गेल्या महिन्यात पत्नीने मला न विचारता दादाच्या बेकरीत फोन लावला. आमचे लग्न भांडणानंतरचे, त्यामुळे तिने दादाला कधी ऐकलेले नव्हते. पलीकडून आवाज आला, "हॅलो, कोण?" आणि तिच्या हातातून फोन पडला. तो माझा आवाज होता. लहानपणी आईसुद्धा दुसऱ्या खोलीतून आम्हांला ओळखू शकत नसे, आणि बाबांचा आवाजही तोच होता, हे मी तिला सांगायचे विसरलो होतो. फोन जमिनीवर पडून बोलत राहिला. "हॅलो? कोण बोलतंय? अहो, बोला की." ती खाली बसून रडत होती. मी शेजारी उभा होतो आणि बोलू शकत नव्हतो. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन करून सगळे सांगितले. दादाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बघतो."

तो अजून आलेला नाही. मी दोष देत नाही.

दादाला मी वस्तू ठेवत नाही, मागणे ठेवतो. दर सुट्टीत त्याने यावे आणि स्टुलावर बसून माझ्या मुलीला तिन्ही सिनेमे बोलून दाखवावेत. स्टेशनमास्तर काय म्हणतो ते त्याला ठाऊक आहे.

कलम ८. मी गेल्यावर खालचा मजकूर मुलीला मांडीवर घेऊन दादाने मोठ्याने वाचावा. तिला कळायचे वय नाही, तरी वाचावा. 'मी' लिहिले आहे तिथे 'मी'च वाचावे. 'तो' करू नये. दादा आला नाही तर हा मजकूर दुसऱ्या कोणी वाचू नये, पत्नीनेही नाही. कागद मिटून ठेवावा.

"टिल्ली, मी बाबा. तू जन्मलीस तेव्हा नर्सने तुला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, बोला ना काहीतरी, बाळं बापाचा आवाज ओळखतात. तिला माझं माहीत नव्हतं, मफलर होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हा म्हणायचं होतं ते आज म्हणतो. आलीस का गं? ये. किती वाट पाहिली तुझी."

दादा, पुढे कागदावर काही नाही. तू बोलत राहा.

हे सर्व मी समजून उमजून लिहिले. पत्नीने याची अंमलबजावणी करावी.

सही : (मृत्युपत्र करणारा)
ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : एकोणीस नोव्हेंबर

साक्षीदार : १. तळमजल्यावरचे शिंपीकाका. २. उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई.

आम्ही दोघे लिहून देतो की, मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्यादेखत सही केली व आम्ही त्याच्यादेखत केली. त्याला वाचता येत असले तरी, मजकूर मोठ्याने ऐकायचा आहे असे त्याने पाटीवर लिहून सांगितल्यावरून शिंपीकाकांनी तो वाचून दाखवला. प्रत्येक कलमाला त्याने मान हलवून होकार दिला. आठव्या कलमातल्या अवतरणापाशी शिंपीकाका थांबले, "हे मी वाचायचं नाही," म्हणाले आणि कागद खाली ठेवला. मृत्युपत्र करणाऱ्याने त्यासही होकार दिला.