काचेतली तबकडी

प्रिय धाकट्या,

तुझ्या उडत्या तबकडीने आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत धुमाकूळ घातलाय. संपादकांना ती रविवारी पहिल्या पानावर हवी आहे आणि फोटो खरा की खोटा हे उद्या सकाळी लिहून देण्याचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. तू माझा भाऊ आहेस हे इथे कुणालाच माहीत नाही.

मी जन्माची शंकेखोर. लहानपणी तू ढगात हत्ती दाखवायचास आणि मी सोंड कुठे म्हणून तुझं डोकं खायचे. आजवर माझ्या टेबलावर अशा शंभरेक तबकड्या आल्या असतील. काही पक्षी निघाल्या, काही फुगे, एक तर चक्क शर्टाचं बटण. तुझ्या फोटोचीही तीच रड. एकच फोटो, कडा पुसट, शेजारी झाड नाही की छप्पर नाही, मग आकार ठरवायचा कशावरून? तू म्हणतोस, कामावर असताना कारखान्याच्या गच्चीवरून काढला. टीव्हीवरही तेच सांगितलंस, केस नीट विंचरून. तुला तसं बघून मला फार बरं वाटलं. आई गेल्यापासून आठ महिन्यांत तू पहिल्यांदाच मान वर करून बोलत होतास.

म्हणून मी खरं तर तुला वाचवायलाच बसले होते. पण फोटो कापला तरी कधी कधी फाइलच्या पोटात मूळ फोटोची नखाएवढी प्रत राहून जाते, हे तुला ठाऊक नव्हतं. ती मी उघडून मोठी केली. तुझी तबकडी म्हणजे आईच्या खोलीतला गोल दिवा आहे, खिडकीच्या काचेत उमटलेला. फाइलमधली वेळ संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. तारीख आई गेली त्या दिवसाची.

अहवालात मी 'काचेतलं प्रतिबिंब' एवढंच लिहीन, त्या प्रतीबद्दल अवाक्षर काढणार नाही. पण त्या रात्री आठ वाजता कामावरून आलो तेव्हा आई जमिनीवर पडलेली होती, असं तू मला सांगितलं होतंस आणि तुझ्या बाबतीत मी कधी शंका घेतली नाही. काचेत, दिव्याच्या खाली, ती दिसते आहे. खुर्चीतून एका बाजूला कललेली, एक हात तुझ्या पाठीकडे उचललेला. माझी झोप उडालीय रे. हे पत्र एवढंच विचारायला लिहिलंय, तिने हाक मारली होती का? आणि तू वळून पाहिलंस, की तसाच तबकडीमागे बाहेर धावलास?

तुझीच,
ताई