ओश शहराचा खरा चेहरा

३ सप्टेंबर
आजपासून रोज पहाटे बाजारात. ओशचा, आपल्या या किर्गिझ शहराचा, खरा चेहरा टिपायचा. शाळेत शिकवायचं दुपारच्या शिफ्टला, सकाळ आपलीच. प्रदर्शन ५ ऑक्टोबरला, वाचनालयाच्या हॉलमध्ये. हॉल पक्का, फोटो तेवढे बाकी. नियम एकच: पोझ नाही.
उठायला साडेनऊ झाले. पहाटेच्या उजेडाचं उगाच कौतुक करतात.

५ सप्टेंबर
पुलाशी नान विकणाऱ्या बात्मा-आपा. एकतीस वर्षं तीच जागा. आज त्यांनीच हाक मारली. म्हणाल्या, एर्मेक, एवढा कॅमेरा गळ्यात घालून हिंडतोस, माझा एक फोटो काढ की. महिनाअखेर लेकीकडे रशियात, कझानला चालले, कायमची. जागेची आठवण राहील. लगेच डोक्याचा रुमाल सारखा करून ताठ बसल्या. मी समजावलं, माणूस बेसावध लागतो. म्हणाल्या, बरं, मग बेसावध कधी व्हायचं ते सांग.

९ सप्टेंबर, सकाळ
आपा बेसावध होत नाहीत. मी खांबाआड गेलो की गिऱ्हाईक सोडून हसत सुटतात. शेजारचे चहावाले सोबीर-अका मोठ्यानं सांगतात, आपा, आला बघा तुमचा चोर.
या गावाला कलेची कदर नाही.

१४ सप्टेंबर
ढग.

१५ सप्टेंबर
ऊन फार.

१८ सप्टेंबर
बायको म्हणाली, त्या बाईंचा साधा फोटो काढून द्या, मिनिटाचं काम. मग विचारलं, आत्तापर्यंत चेहरे किती झाले. मोजले. टोप्या चाळीस, कोपरं नऊ, गाढव एक. गाढवाचा चेहरा उत्तम आलाय.

२२ सप्टेंबर
दोन तासांत आठ जागा बदलल्या. कुठेच पाय ठरेना. उद्यापासून एकाच जागी उभं राहायचं.

२३ सप्टेंबर
जागा ठरत नाही.

२८ सप्टेंबर, सकाळी सात
आपांचा शेवटचा दिवस. वेळेवर पोचलो. पुलावर उजेड सोन्यासारखा. आपांनी नवा रुमाल बांधलेला. मला पाहून हाक मारली नाही. बहुतेक बेसावध होत होत्या. तेवढ्यात समोरच्या भिंतीवर कबुतरांच्या सावल्या आल्या. असा क्षण पुन्हा येत नाही. शंभरेक फोटो घेतले. वळलो तर आपांची बैठक रिकामी. सोबीर-अकांनी एक गरम नान हातात दिला. म्हणाले, तुझ्यासाठी ठेवून गेल्या.
लगेच खाल्ला नाही.

५ ऑक्टोबर
प्रदर्शन झालं. गर्दी बरी होती, पण सगळी दाराशीच. सोबीर-अकांनी त्या सकाळी मोबाइलवर आपांचा फोटो काढला होता. ग्रंथपाल बाईंनी तो मला न विचारता तिथे लावलेला. आपा ताठ, हसऱ्या, पुढ्यात नानांची चळत. बाजारातल्या दोघी जणी डोळे पुसत होत्या. कबुतरांपाशी कोणी थांबलं नाही. अकांना म्हणालो, फोटो वाकडा आलाय. म्हणाले, असेल. आपांना आवडला.
एक प्रत मागून आणली. आत्ता नीट पाहिला. आपांच्या मागे, पुलाच्या कठड्याशी, मी उभा आहे. कॅमेरा डोळ्याला, रोख भलतीकडे.