उजव्या पायाचा ब्रेक

तीर्थरूप दादास,
तुझ्या धाकट्याचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे. आईचा खोकला थांबला का? वहिनीचं शिवणकाम कसं चाललंय?

इथे वर्कशॉपमध्ये चिखलमातीत पळवायच्या जुन्या डर्ट बाइक येतात. तू असतास तर जेवायचं विसरला असतास. मागे पन्नासेक वर्षांपूर्वीची एक आली. तेव्हा काही गाड्यांना आताच्या उलट, गिअर उजव्या पायाला असे आणि ब्रेक डाव्या. ती मीच खपून जुळवली, सगळ्यांना बजावलंही मीच. आणि चालवून बघताना समोर भिंत आली, तर सवयीने मी उजवाच पाय दाबला. गिअर पडला, ब्रेक कुठला लागायला!

घाबरू नकोस, थोडं लागलंय. आता मालकांनी मिनी बाइकचं काम दिलंय. पूर्वी शर्यतीच्या मैदानात मेकॅनिक त्यांच्यावरून इकडेतिकडे फिरायचे. टेबलावर मावतात, बसून काम होतं. पण दुरुस्तीच्या त्या दोनच उरल्यात. पुढे उभं न राहता येणारा मेकॅनिक कोण ठेवणार रे?

आईला पाय मुरगळलाय एवढंच सांग.

दादा, गॅरेजमधली माझी गाडी विकली नाहीस ना? तिचा पायाचा ब्रेक हाताकडे घेता येईल का? गिअर मी टाकीन, डावा पाय आहे अजून.

जमणार नसेल तरी हो म्हण. तेवढ्यावर मी घरी येईन.

तुझाच,
बारक्या