आठ बोल्ट

गुरुवार

प्रिय हरिओम,

पुढे आशीर्वाद लिहावा की नाही, यावर दोन कागद फाडले. शेवटी न लिहिताच सुरुवात केली. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी बोलता बोलता माझा आवाज चढेल आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, तोंडाची सवय जात नाही. कागदावर तरी मला मधे कुणावर ओरडता येणार नाही. तुझ्या हातच्या कच्च्या कामामुळे तुझी माय बुडाली, असं गाव गेली तीन वर्षं समजतं, आणि तूही समजतोस. त्याच कामाबद्दल लिहायचं आहे. शेवटपर्यंत वाच, मधेच फेकून देऊ नकोस.

बंधारा झाला तेव्हा गोदावरीचं पाणी चढलं, आपला अर्धा ऊस पलीकडे राहिला आणि जुना घाट पाण्याखाली गेला. उसासाठी मी होडी घेतली. घाटासाठी कुणी काही केलं नाही. लग्न होऊन आल्यापासून तुझ्या मायचा एकही कार्तिक गंगेच्या अंघोळीशिवाय गेला नव्हता. आता काठाला नुसता चिखल, सरळ उतार आणि त्यात तिचे गुडघे. दोन वर्षं ती घरीच बादलीत कळशीभर गंगेचं पाणी ओतून न्हायली. बादलीतली गंगा निदान तापवता तरी येते, असं मी चिडवायचो. ती हसायची नाही. तू मात्र ते मनावर घेतलंस. नवीन जालन्यात फायबरची दारं बनवणाऱ्या कारखान्यात तू तेव्हा कामाला होतास. दसऱ्याला आलास तो मोटरसायकलला रेझिनचे डबे आणि काचेच्या धाग्यांच्या मॅटची गुंडाळी बांधून. म्हणालास, "अण्णा, होडीच्या मागं पाण्याला टेकंल असा पाट करून देतो. माय बसल्या बसल्या न्हाईल."

तुझ्या त्या पाटाची मी किती टिंगल केली हे तुला आठवत असेल. मला तर एकेक शब्द आठवतो. गोठ्यात तू साचा मांडलास, चार फूट बाय दोन. भर उन्हात रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर जास्त पडला, मग्यातून धूर निघाला आणि मगा तुझ्या हातातच वाकडा झाला. मी भिवा कोळ्याला हाक मारली, गल्ली गोळा केली आणि म्हणालो, "बघा रे, मायला पाण्यात बसवायला निघालं अन् मग्यालाच आग लावून राह्यलंय." लोक हसले. तू मान खाली घालून नवा मगा आणलास. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात, सावलीत, थोडं थोडं रेझिन कालवून पुन्हा सुरुवात केलीस. काचेची कुसं तुझ्या हातांत घुसली होती, तुझी माय रोज खोबरेल चोळायची आणि माझ्याकडे रागाने बघायची. मॅटचे थर, मधे प्लायवूड, वर पुन्हा थर, प्रत्येक थरावर रोलर फिरवून हवा काढायची. तुझा हात चांगला होता. मी ते तेव्हाच पाहिलं होतं, फक्त बोललो नाही.

सगळ्यात जास्त हसलो तुझ्या भोकांना. होडीच्या मागच्या फळीला पाट जोडायला आठ बोल्ट. प्रत्येकासाठी तू आधी मोठं भोक पाडलंस, ते रेझिनने भरलंस, सुकल्यावर त्यातच पुन्हा बारीक भोक पाडलंस. पाडायचं, बुजवायचं, परत पाडायचं, हे तर सरकारी रस्त्याचं काम झालं, असं मी म्हणालो. तू पहिल्यांदाच मला उलट उत्तर दिलंस. "अण्णा, आत लाकूड हाये. उघड्या भोकातून पाणी शिरलं की आतून कुजतं, वरून कळत न्हाई. ह्याला माझ्या माघारी एकबी भोक पाडू नका." तू हे मला समजावून सांगत होतास, आणि मला ते आवडलं नाही. मुलगा शिकवायला लागला की काही बापांना आनंद होतो म्हणतात. मला झाला नाही.

तू चौथीत माझ्याच वर्गात होतास. फळ्यावरचा भागाकार चुकला होता, तू हात वर करून सांगितलंस. मी तुला सुट्टीपर्यंत अंगठे धरून उभं केलं आणि तीस पोरांना चुकीचं उत्तर उतरवून घ्यायला लावलं. चूक मला तेव्हाच दिसली होती. शाळा सुटल्यावर फळा पुसला.

पहिला कार्तिक फार चांगला गेला. रोज पहाटे मी होडी जुन्या घाटाच्या वर नेऊन उभी करायचो, ती पाटावर बसायची, पाय सोडायची, मग पाटाची कड धरून गळ्यापर्यंत उतरायची. ती न्हात असताना मी नेहमीप्रमाणे पाठ फिरवून बसायचो. चाळीस वर्षांचा संसार झाला तरी तिला माझ्यासमोर न्हायची लाज वाटायची, आणि मलाही ते बरोबरच वाटायचं. तीस दिवसांत ती पाच वर्षांनी तरुण दिसायला लागली, हे मी तुला फोनवर सांगायला हवं होतं. तुझा पाट बरा आहे, एवढंच सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिने धरायला मूठ मागितली. तू म्हणालास, दिवाळीला येतो, दोन दिवसांचं काम आहे. चार स्क्रूला दोन दिवस! मी घनसावंगीच्या बाजारातून बाथरूमचं स्टीलचं हँडल आणलं आणि अर्ध्या तासात बसवलं. चार भोकं, थेट, वरून स्क्रू पिळले. ती म्हणत होती, "आधी लेकराला इचारा." मी विचारलं, ह्या घरात मास्तर कोण आहे? दिवाळीला तू हँडल पाहिलंस आणि पहिला प्रश्न केलास, भोकं भरली का. मी म्हणालो, भरली. तू एक स्क्रू काढून बघायला निघालास, तेव्हा मी आवाज चढवला की बापाच्या शब्दावर भरवसा नसेल तर होडीतून उतर. तू स्क्रूड्रायव्हर खाली ठेवलास. तुझी माय तिथेच होती, तिला खरं माहीत होतं. तिने मला खोटं पाडलं नाही.

त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला. तिसऱ्या कार्तिकाच्या अकराव्या दिवशी मी नेहमीसारखा पाठ फिरवून तंबाखू मळत बसलो होतो. मागून "अवं" असा आवाज आला. एकदाच. तिने जन्मात कधी माझं नाव घेतलं नाही, त्या वेळीही घेतलं नाही. मला वाटलं टॉवेल मागते आहे. मी "थांब जरा" म्हणालो आणि तंबाखू तोंडात टाकून मगच वळलो. पाटावर कुणी नव्हतं. मी उडी मारली, पाण्यात अंदाज लागेना, तिला वर आणेपर्यंत सगळं संपलं होतं. तिच्या मुठीत ते हँडल होतं, चारही स्क्रूंसकट. स्क्रूंना काळं कुजकं लाकूड चिकटलं होतं.

आता लिहितो ते तुला माहीत नाही. तिला घेऊन मी गावाच्या काठाला आलो नाही, आपल्या उसाच्या बाजूला गेलो. तिकडे कुणी नसतं. तिची बोटं उघडून हँडल काढलं आणि लांब फेकलं. मग होडीतला पाना घेऊन तुझा पाट खोलायला बसलो. पाट तुटला नव्हता, हरिओम. तो जागचा हललासुद्धा नव्हता. तुझे आठ बोल्ट काढायला मला पाऊण तास लागला, इतके ते पक्के होते, आणि तेवढा वेळ तुझी माय ओल्या लुगड्यात बांधावर पडून होती. पाटाला नायलॉनच्या दोरीने दगडांचं पोतं बांधलं आणि तो जुन्या घाटावर सोडून दिला. त्यानंतर तिला गावात आणलं आणि सांगितलं की पाट बोल्टांसकट उखडला. पंचनाम्यातही तेच सांगितलं.

तू जालन्याहून आलास आणि तिला अग्नी दिल्यावर लगेच पाट शोधायला पाण्यात उतरलास. कुठं चुकलं ते बघायचंय म्हणालास. कुठे तुटला असं तू विचारलंस तेव्हा मी बोट दाखवलं ते उलट्या बाजूला, खालच्या डोहाकडे. त्या थंडीत तू चार दिवस बुड्या मारल्यास, ओठ निळे व्हायचे, भिवा तुला ओढून बाहेर काढायचा. मी काठावर घोंगडी घेऊन बसून होतो. एकदाही म्हणालो नाही की पुरे.

आणि दहावा. पिंडाला कावळा शिवेना. तासभर झाला, लोक कुजबुजायला लागले, कुणी म्हणालं उषाबाईची काही इच्छा राहिली असेल. तिची इच्छा काय राहिली असेल हे तिथे फक्त मला ठाऊक होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी घाबरलो होतो, इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. मी तुझ्याकडे बोट करून म्हणालो, "जिवं मारणारा म्होरं उभा हाये, कावळा कसा शिवंल? ह्याला आधी हाकला." तू चढ चढून निघून गेलास. तू गेलास, गर्दी तुझ्यामागे हलली, जागा मोकळी झाली आणि कावळा उतरला. गर्दी पांगली की कावळा उतरतोच. पण सगळ्या गावाने ते पाहिलं, आणि त्या दिवसापासून तुझं नाव पक्कं झालं. मला हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार हायसं वाटलं.

माझ्याशी नाही तरी बहिणीशी तू बोलतोस; आकांक्षा अधूनमधून तुझी खबर देते. तू फायबरचं काम सोडलंस, बियाण्याच्या गोदामात पोती उचलतोस, हाताने काही बनवायचं म्हटलं की उठून जातोस. मी ऐकून घेतो आणि विषय बदलतो.

या वैशाखात बंधाऱ्याची दारं दुरुस्तीला काढली. पाणी खाली गेलं, जुना घाट उघडा पडला, आणि पायरीवर तुझा पाट होता, दोरी आणि पोत्यासकट. फायबर कुजत नाही हे तूच सांगायचास. भिवा तो डोक्यावर घेऊन अंगणात आला, मोठ्या आनंदाने, काहीतरी परत मिळवून दिल्यासारखा. आकांक्षा आष्टीहून सुट्टीला आलेली होती. तिने पाट उलटासुलटा केला. बोल्टांची आठ भोकं तू भरली होतीस तशीच, गोल, कडासुद्धा फुटलेली नाही. हँडलची चार फाटलेली. दोरीची गाठ मी उसाच्या मोळ्यांना मारतो तीच. तिने मला फक्त इतकंच विचारलं, "दादाला म्हाईत हाये का?" मी दोरी सोडायला लागलो. ती म्हणाली, रविवारपर्यंत तुम्ही सांगा, न्हाई तर मी सांगते. आज गुरुवार आहे. म्हणून हे पत्र. मला पश्चात्ताप झाला म्हणून लिहिलं, असं समजू नकोस. पाणी उतरलं नसतं तर मी हे बरोबर घेऊन गेलो असतो, आणि तू मरेपर्यंत पोती उचलत राहिला असतास, आणि मी ते होऊ दिलं असतं. माफी मागत नाही, ती मागायची रीत मला येत नाही. तू गावात येऊन हे पत्र चावडीवर वाचलंस तर मी नाही म्हणणार नाही, अक्षर माझंच आहे. सोबत कापडाच्या पिशवीत तुझे आठ बोल्ट आहेत. त्या दिवशी का कोण जाणे फेकवले नाहीत, ट्रंकेत ठेवले होते. मोजून घे. एकही वाकलेला नाही.

तुझाच,
अण्णा