थांबवून ठेवलेला देवचार

बाबा, मी हल्ली काय काम करते हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आधी हसला असता आणि मग चाळभर सांगून आला असता. मी भुतं दुरुस्त करते. थट्टा नाही. पुण्याची एक लहानशी कंपनी आहे, ती टेबलाभोवती बसून खेळायचा एक खेळ काढते. चार-पाच जण बसतात, एकजण गोष्ट सांगत जातो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन आपापलं बोलतात, आणि अडलं की फासे टाकतात. तुमच्या दशावतारासारखंच, गोष्ट ठरलेली पण बोलणं ज्याचं त्याचं. या खेळात आधी सगळे राक्षस परदेशी होते, पंखवाले, आग ओकणारे. आता नवी आवृत्ती निघतेय आणि सगळे राक्षस नव्याने घडवायचेत, आपल्याकडचे. म्हणून मी घरी बसून हडळ, मुंजा, खवीस असल्या मंडळींना कामाला लावते. कोणाची ताकद किती, दुखरी जागा कोणती, मरतो कशाने, हे सगळं मी ठरवते. पाय उलटे असलेली हडळ पळताना पुढे जाते की मागे, यावर आमचं फोनवर कडाक्याचं भांडण झालेलं आहे. पोटासाठी माणूस काय काय करतो बघा.

घर म्हणजे अजून अँटॉप हिललाच, ट्रान्झिटच्या तात्पुरत्या खोलीत. लालबागची चाळ पाडली तेव्हा नवी खोली मिळेपर्यंत थोडे दिवस कळ काढा, असं बिल्डरची माणसं म्हणाली होती. तुमची कळ काढून झाली, माझी चालू आहे. चाळीच्या जागी खड्डा आहे, भोवती पत्रे ठोकलेत, आत हिरवं पाणी. बिल्डर बदलला, प्रकरण कोर्टात गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. इथे भिंतीला ओल आहे, खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची खिडकी आहे, आणि सर्व्हेवाले न सांगता येतात. दाराला कुलूप दिसलं की इथे कोणी राहत नाही अशी कागदावर खूण करतात, आणि नव्या खोलीवरचा हक्क लटकतो. खालच्या मजल्यावरच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि नेमके तेव्हाच ते आले. त्यांचं नाव अजून अडकलंय. त्यामुळे मी कुठे जात नाही. हिंदमाता, दादर, कधी लालबाग, फार तर शिवाजी पार्क, आणि संध्याकाळच्या आत परत. मालवणला मामेबहिणीचं लग्न झालं, मी गेले नाही. घरात कोंडलेली मांजर सुद्धा माझ्यापेक्षा जास्त फिरते.

परळच्या त्या हॉस्पिटलात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "खोली सोडू नको गो. कोण कायय सांगांदे." तुमच्या नाकात नळी होती, बोलताना धाप लागत होती, आणि तेवढं एकच वाक्य तुम्ही नीट बोललात. आई आधीच गेलेली. मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं? त्यानंतर तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि मी नर्सला शोधायला बाहेर गेले.

आता मुद्द्यावर येते. गेल्या महिन्यात माझ्याकडे देवचार आला, म्हणजे त्याला नव्याने घडवायचं काम आलं. मला तुमचा ओरडा आठवला. मी शाळकरी पोर, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर देवचार काढलाय, डोक्यावर शिंगं, तोंडभर दात. तुम्ही मोरीपाशी दाढी करताय, अर्ध्या तोंडाला साबण. वाकून बघता आणि चिडता. "ह्यो कोण? देवचाराक दात कित्याक? तो काय खावूक येता? तो राखूक येता." मग साबण वाळेपर्यंत मला सांगत बसता: खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्रभर गावाची शीव फिरतो म्हणून त्याच्या वहाणा झिजतात आणि गावाने त्याला नव्या वहाणा द्यायच्या असतात. त्या दिवशी तुम्हाला कामावर उशीर झाला आणि आईने तो राग माझ्यावर काढला.

आपल्या चाळीलाही राखणदार आहे असं तुमचं म्हणणं. दरवर्षी जिन्याखालच्या कोपऱ्यात तुम्ही नारळ ठेवायचात, विडी ठेवायचात, गाऱ्हाणं घालायचात. वरच्या मजल्यावरचे शिकलेले लोक हसायचे आणि खोबरं मात्र घेऊन जायचे. चाळ सोडायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं होतं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि तुम्ही त्या कोपऱ्यात हात जोडून उभे. "बा म्हाराजा, आमी येयसर तू हंयच रव. खंय जाव नको." आम्ही परत येईपर्यंत त्याने तिथेच थांबायचं, आणि आम्ही पाच-सहा जण मागे उभे राहून "व्हय म्हाराजा" म्हणालो. मीही म्हणाले. मग चाळ गेली, जिना गेला, कोपरा गेला. तुम्ही गेलात. त्याला मात्र कोणी काही सांगितलं नाही. कधी त्या पत्र्यांसमोरून बस जाते तेव्हा मला वाटतं, तो त्या हिरव्या पाण्यात गुडघाभर उभा असेल, आणि फिरायचंच नाही म्हटल्यावर वहाणा कोऱ्या करकरीत असतील. मला रडायला येतं आणि बसमध्ये रडायची सोय नसते.

तोच मी लिहिला. त्याला मारता येत नाही. पाडला की उठतो. मालकाने जिथे थांब म्हटलं तिथे थांबतो, आणि ज्याने थांबवलं त्यानेच जा म्हटलं तर सुटतो. पुण्याचे संपादक वाचून म्हणाले, "छानच आहे. पण थांबवणारा मेला असेल तर?"

"तर नाही सुटत."

"मग खेळणाऱ्यांनी करायचं काय?"

"वळसा घालून जायचं."

"अगं बाई, राक्षस बनव. सरकारी नियम नको बनवूस," असं म्हणून ते हसले. चांगला माणूस आहे. त्याच फोनवर म्हणाले, पुण्याला ये, पक्की नोकरी, पुढची सगळी पुस्तकं तुझ्याच हातात देतो. पण पुण्यातच राहावं लागेल, रोज ऑफिसात यावं लागेल. महिनाअखेरीला सांग. असं काम मला पुन्हा कोणी देणार नाही, हे मला कळतं. माझं वय आता लोक विचारत नाहीत, अंदाजाने धरतात. मी म्हटलं, बघते, खोलीचा प्रश्न आहे, बाबांनी सांगितलंय. बरं म्हणून त्यांनी विषय बदलला.

नवा राक्षस आधी खेळून बघावा लागतो. शिवाजी पार्कला माझी एक मैत्रीण राहते, दातांची डॉक्टर, रविवारी तिच्या घरी आम्ही बसतो. ती, तिचा नवरा आणि त्याची बहीण खेळतात, गोष्ट मी सांगते. नवऱ्याने देवचारावर भाला फेकला, बहिणीने जाळ केला, तो आपला उठतोच आहे. मैत्रीण म्हणाली, "मी तलवार खाली ठेवते. मला त्याच्याशी बोलायचंय."

"बोल."

"काय रे, तुला इथे कोणी ठेवलं?"

राक्षसाच्या वतीने मीच बोलायचं असतं. तोंडातून तुमची भाषा आली. "मालकान."

"कुठेय मालक?"

"गेलो."

"गेला तर तू पण जा की."

"मालकान सांगल्यान, खंय जाव नको म्हणान."

तिला माझं घरचं काही माहीत नाही, मी कधी सांगत नाही. ती सहज, खेळातलंच म्हणून म्हणाली, "आणि तो आज असता, आणि तू त्याला विचारलं असतंस, जाऊ का, तर काय म्हणाला असता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अडलं तर फासे टाकायचे असतात, पण याला कुठले फासे? मी म्हटलं, चहा घेऊया. तिच्या स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. परत येऊन सांगितलं की तो काही बोलत नाही, पुन्हा काठी टेकून उभा राहतो. "पळवाट काढलीस," मैत्रीण म्हणाली, आणि तिच्या नवऱ्याने बिस्किटं पुढे केली. त्या दिवशी खेळ तिथेच मोडला.

परवा महिना संपतो. पुण्याला मी अजून काही कळवलेलं नाही. आज सकाळपासून हे लिहितेय, दाराची कडी उघडी ठेवून, कोणी आलंच तर खोलीत माणूस दिसावं म्हणून. तुमची परवानगी मागायची असं ठरवून बसले होते, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की ते ढोंग आहे. हे पत्र तुम्हाला पोचतं तर तुम्ही कपाळाला हात लावला असता. "अगो, मी आजारी होतंय, कायतरी बोललंय. तू अजून हंयच बसलंस? जा बघू." हे मला त्या रविवारी कळलं असं नाही. तुम्हाला पोचवून घरी आले त्याच दिवशी मला हे ठाऊक होतं. मला जायची भीती वाटते, बाबा. आणि बाबांनी सांगितलंय म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही.