रक्तवाढीची गोळी

९ जानेवारी, शुक्रवार

झालं, तारीख ठरली! सासऱ्यांच्या, नानांच्या तिसऱ्या वर्षश्राद्धाला, येत्या अठराला, जेवणावळ नाही – रक्तदान शिबिर. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, जाहीरच करून टाकलं. इथे धुळ्यात, आमच्याच कॉलनीच्या हॉलमध्ये. "घरना बठ्ठा जन रगत देतीन," म्हणाल्या. घरातल्या सगळ्यांनी रक्त द्यायचं, विषय संपला.

चुकीचं काहीच नाही त्यांचं. आजारपणात नानांना जळगावला सहा पिशव्या रक्त चढलं. सहाही अनोळखी माणसांचं. त्या रक्तावर नाना आणखी दहा महिने जगले. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माझ्या लेकीला झोका बांधून दिला.

पण फॉर्मवर प्रश्न असतो – सध्या कुठलं औषध चालू आहे?

चालू आहे. सात महिने झाले. घरात फक्त नवऱ्याला, कुंदनला माहीत आहे.

११ जानेवारी, रविवार

निदान इथे तरी सरळ लिहावं. एडीएचडी – लक्ष एका जागी न टिकण्याचा आजार. चौतिसाव्या वर्षी कळलं. माहेरी जाते सांगून जळगावच्या मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं होतं. तोवर मी नुसती वेंधळी होते. दूध उतू, किल्ल्या हरवलेल्या, बसमध्ये झोप न लागताही शिंदखेड्याचा स्टँड मागे टाकलेला आणि शाळेत उशीर. एकदा तर नववीच्या चाचणीचा गठ्ठाच एसटीत राहिला. कंडक्टरभाऊंनी परत आणून दिला म्हणून नोकरी आहे!

आता पेपर त्याच आठवड्यात तपासून देते. मुलांनाच पटत नाही. ही रोजनिशीसुद्धा गोळीमुळेच टिकली, नाहीतर आठ दिवसांत कुठे जायची कोण जाणे. रोज सकाळी मनातल्या मनात मॅडमना हात जोडते.

आणि अक्कांशी खोटं बोलते. जूनमध्ये त्यांना स्ट्रिप दिसली. "कसानी गोई शे वं?" माझ्या तोंडून भसकन निघालं – रक्तवाढीची. डोक्याची म्हणायची छाती झाली नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या एकीबद्दल त्या काय बोलल्या होत्या ते ऐकलंय मी – डोक्याची गोळी खाणारी काय संसार करणार. "डोकानी गोई खास, ती काय संसार करी." गोळी दिसली त्या दिवसापासून अक्का माझ्या डब्यात रक्तासाठी बीट घालतात. सात महिने बीट खातेय. मला बीट आवडत नाही.

१२ जानेवारी, सोमवार

मधल्या सुट्टीत मॅडमना फोन केला. विचारलं, माझं रक्त चालेल का? की गोळीनं बाद? त्या हसल्या नाहीत, हे फार बरं वाटलं. "या गोळीमुळे सहसा अडत नाही. नाडी आणि बीपी बघतील, शेवटचं तिथले डॉक्टर ठरवतील. फक्त एक कर – गोळी चुकवू नकोस आणि फॉर्मवर खरं लिही."

मी नेमकं चुकवायचंच ठरवलं होतं. त्या दिवशी घेतलीच नाही तर 'औषध नाही' लिहायला मोकळी! काय डोकं चालतं माझं.

कुंदनला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम म्हणतात तसं कर. अक्काचं मी बघतो." तो काही बघणार नाही, पण म्हणाला ते गोड वाटलं.

१५ जानेवारी, गुरुवार

युक्ती सापडली. फॉर्म घरूनच भरून न्यायचा, घडी घालून सरळ डॉक्टरांच्या हातात. अक्का हॉलच्या दारात पाहुण्यांचं बघतील. कोणाला कळायचं कारण नाही.

१७ जानेवारी, शनिवार

उद्या गोळी घ्यायचीच. पोटभर खायचं. फॉर्म पर्समध्ये. पर्स विसरायची नाही.

१८ जानेवारी, रविवार

पर्स नेली. फॉर्म नेला. आणि अक्का दारात नव्हत्याच! तपासणीच्या टेबलाशीच खुर्ची टाकून बसलेल्या. मला बघितल्यावर डॉक्टरांना ठणकावून सांगतात, "मनी सून शे. रोज रगतनी गोई खास. दोन बाटल्या काढा तिन्या."

डॉक्टरांनी फॉर्म वाचला. गोळीचं नाव वाचलं. चष्म्यावरून अक्कांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भला माणूस – फॉर्म पालथा ठेवला. बोटाला टोचून घेतलं, हिमोग्लोबिन छान निघालं. (बीट!) बीपी ठीक. नाडी मात्र एकशे सहा.

"शंभरच्या आत पाहिजे. दहा मिनिटं बसा, पाणी प्या." आणि अगदी हळू, "आजींना बाहेर थांबायला सांगू का?"

सांगा म्हटलं असतं तर सुटले असते. पण तोवर अक्का माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या होत्या. माझा हात हातात घेतला, चोळायला लागल्या. "घाबरस का? भरपूर रगत शे तुनं."

मला ते सहा जण आठवले. त्यांनीही असाच फॉर्म भरला असेल आणि खरा भरला असेल, म्हणून तर नाना घरी आले. मला त्यांच्या रांगेत बसायचं होतं, पण फॉर्मवर खरं आणि बाकावर खोटं, असं बसवेना.

म्हटलं, "अक्का, ती गोळी रक्तवाढीची नाही. डोकं एका जागी राहावं म्हणून आहे. डोक्याच्या डॉक्टर मॅडमनी दिलीय. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

अक्कांनी हात सोडला. उठल्या, पोह्यांच्या टेबलाकडे गेल्या. मागे वळून पाहिलं नाही.

नाडी पुन्हा मोजली – अठ्ठ्याऐंशी. आधी गोळीनं चढली होती की अक्कांनी, देव जाणे. डॉक्टर म्हणाले, "औषधाची काही अडचण नाही. झोपा."

साडेतीनशे मिली. पिशवी भरताना पाहिली आणि रडू आलं. नर्सला वाटलं सुई दुखतेय. दुखत नव्हती. माझं काहीतरी कोणाच्यातरी उपयोगी पडणार होतं, न सांडता, न विसरता.

१९ जानेवारी, सोमवार

कोपराच्या खळीत छोटा निळा डाग. शाळेत तिघींना दाखवला. डॉक्टरांचं नाव विचारायचं राहिलं, तेवढी चुटपुट.

डब्यात बीट नव्हतं. इतक्या वर्षांत कोणाच्या रागाचं वाईट वाटलं नसेल एवढं त्या नुसत्या मेथीच्या भाजीचं वाटलं.

२१ जानेवारी, बुधवार

अक्का बोलत नाहीत. कुंदन म्हणतो, वेळ दे. देते. तरी सांगितल्याचा पस्तावा नाही. सकाळी सगळ्यांसमोर, ओट्याशी उभी राहून गोळी घेतली.

२४ जानेवारी, शनिवार

कुंदन बाहेर पडल्यावर अक्का समोर येऊन बसल्या. कमरेच्या पिशवीतून एक स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. "ही बीपीनी नही शे, हेमांगी."

अक्कांची रोजची गोळी आम्ही सगळे बीपीचीच समजत होतो. अकरा वर्षं! धुळ्यातल्याच डोक्याच्या डॉक्टरांची. फक्त नानांना माहीत होतं, तेच आणून द्यायचे. त्यांच्यामागे अक्का एकट्या रिक्षाने जातात, आम्हाला देवळात जाते सांगून.

स्ट्रिप पुन्हा पिशवीत सरकवली. मग म्हणाल्या, "मनं रगत चाली का? इचार ना तुन्या मॅडमले."