झाकलेला डोळा

प्रिय लमदुआन,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता तुझ्या मावसबहिणीकडून, नोयकडून लिहून घेतला. एवढी लबाडी पोटात घाल. पुढे मोठी सांगायची आहे.

इकडचं म्हणशील तर तसंच आहे. शिसवाचे चोर येतात, आम्ही वनरक्षक मागे धावतो. चौकीत आता चार रात्रीच्या दुर्बिणी आहेत आणि नव्या पोरांना त्या वापरायला मीच शिकवतो. माझ्यासारख्याने शिकवावं, बघ. दुर्बीण उजव्या डोळ्याला, डावा झाकलेला. तिच्या हिरव्या उजेडात बघणारा डोळा नंतर बराच वेळ अंधारात कुचकामी होतो. तेव्हा चालायचं ते झाकून ठेवलेल्या डोळ्यावर. तू शिवलेली काळी पट्टी, दुहेरी अस्तराची, अजून आहे. दिवस मावळला की ती बांधूनच मी जेवायला बसायचो. तू चिकट भाताची टोपली पुढे सरकवत म्हणायचीस, एक डोळा भाताकडे, एक जंगलाकडे, माझ्या वाट्याला कुठला? खाम्पान हसून हसून लोळायचा. त्याला माझ्या जोडीला द्या असं मीच साहेबांना सांगितलं होतं, भावाचा तुला घोर नको म्हणून.

त्या संध्याकाळी तू हसली नाहीस. तीन आठवडे मी घरी धड थांबलो नव्हतो. तू माझी पट्टी ओढून काढलीस, ट्यूबलाइट लावलीस आणि म्हणालीस, "एकदा तरी दोन्ही डोळ्यांनी बघा माझ्याकडे." मी बघितलं नाही. ताट सरकवलं आणि निघालो.

गाडीत मी पट्टी पुन्हा बांधली. जंगलापर्यंत पाऊण तास लागला. उतरल्यावर खाम्पानने अंधारात बोटं नाचवली, किती म्हणून. मी पट्टी वर करून बघितलं आणि तीन म्हणालो. तीनच होती. हे नीट वाच, लमदुआन. हवं तर दोनदा वाच.

मध्यरात्रीनंतर कड्याच्या पलीकडून करवतीचा आवाज आला. माणसं मोजता मोजता माझा उजवा डोळा चुरचुरायला लागला आणि मी दुर्बीण डाव्याला लावली. नवं पोरही करणार नाही अशी चूक. तुझ्या शब्दांनी डोळा भरून आला होता असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते पुन्हा तुझ्यावरच ढकलणं होईल. झोप झाली नव्हती आणि चोर पकडायची हाव होती, एवढंच. दुर्बीण खाली घेतली तेव्हा दोन्ही डोळ्यांपुढे काळोख. तिथेच अर्धा तास बसून राहायला हवं होतं. पण आठ महिन्यांच्या शिकाऊ मेव्हण्याला हे कुठल्या तोंडाने सांगणार? नकाशा वाचायचं काम त्याचं, त्यामुळे त्याचे डोळे बॅटरीच्या उजेडाने आधीच गेलेले. वाट बघायची ती माझ्या डाव्या डोळ्याने. त्याने माझा खांदा धरून विचारलं, "दाजी, पुढे वाट आहे ना?"

मी म्हणालो, "आहे. चल."

तो माझ्या बाजूने एक पाऊल पुढे गेला. खालचा ओढा किती खोल आहे ते तुला माहीत आहे.

चौकशीत साहेबांनी विचारलं, डोळे अंधाराला तयार नव्हते का? मी म्हणालो, निघताना घरी डोळ्यावर उजेड पडला होता. वाक्य खरं होतं, म्हणूनच ते खपलं. चिता पेटायच्या आत गावभर झालं, की बहिणीने दिवा लावला आणि भाऊ गेला. तुझी आई चितेच्या चौथऱ्यावर चंदनी लाकडाचं फूल वाहून तुझ्याकडे न बघताच पायऱ्या उतरली. तू माझ्याकडे बघितलंस. मी मान खाली घातली. शंभराव्या दिवशी भिक्षूंना जेवू घालून तू उबोनला निघून गेलीस आणि मी अडवलं नाही. तू समोर असतीस तर खोटं सांभाळणं जड गेलं असतं. सहा वर्षं झाली त्याला.

परवा विहाराच्या जत्रेत नोय भेटली. म्हणाली, ताई सूर्य मावळला की दिवा लावत नाही. शिवणयंत्र झाकून ठेवते, चाचपडत जेवते. विचारलं तर म्हणते, माझ्या हाताने दिवा नको. तेव्हापासून मला झोप नाही. काल तुझ्या आईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पाणीही विचारलं नाही, योग्यच केलं. साहेबांनाही लेखी दिलं आहे, नोकरी बहुधा जाईल. परत ये म्हणायला मी लिहीत नाही. तुझ्या उजेडाने माझा डोळा बिघडला नव्हता. तो मीच घालवला, आणि वाट आहे असंही मीच सांगितलं. पत्र संध्याकाळी हाती पडलं असेल तर आधी ऊठ, दिवा लाव, आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाच.

'तुझाच' लिहायला हात धजत नाही.

विरोत